सरळव्याजाचा प्रोग्राम

तुमच्या घरात, शेजारात किंवा नात्यात असा एक तरी मुलगा असेल. डिग्री मेकॅनिकलची, सिव्हिलची नाहीतर केमिकलची, आणि रात्री दीड-दोनपर्यंत लॅपटॉपसमोर बसून कोडिंग शिकतोय. आमच्या घरी तो माझा दादा होता.

आम्ही वरूडचे. अमरावती जिल्ह्याचं पार मध्य प्रदेशाला टेकलेलं टोक, संत्र्याचा मुलूख. आमच्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवरसुद्धा ‘वरूड ऑरेंज सिटी’ लिहिलंय. दादा मेकॅनिकल इंजिनिअर. घरापासून लांब एका एमआयडीसीत, एका छोट्या कारखान्यात सीएनसी मशीनवर होता. २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, कारखाना बंद झाला आणि दादा कसाबसा घरी पोचला. बागेत मृग बहाराची संत्री तोडायला आलेली, व्यापारी फिरकत नव्हता, आणि त्यात घरातला पगार थांबला. काही महिन्यांनी कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा दादाने सांगून टाकलं की मी परत जात नाही, सॉफ्टवेअर शिकतो.

बाबा एवढंच म्हणाले, “मंग मेकॅनिकल कायले केलं होतं रे?”

मी तेव्हा फिजिक्सची एम.एस्सी. संपवत होते. बाबांचा प्रश्न मला अजिबात आवडला नव्हता, पण तो डोक्यातून गेलाही नाही. पुढे पीएच.डी.साठी तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले, तेव्हा विषय म्हणून हाच प्रश्न घेतला: जे कॉम्प्युटर शिकायला गेलेच नव्हते, त्या माणसांनी आपल्याकडे प्रोग्रामिंग शिकलं कसं? संशोधनाच्या प्रस्तावात हे वाक्य बरंच जड भाषेत लिहिलंय. अर्थ एवढाच.

सुरुवात एका गमतीने करते. कॉम्प्युटर शाखेच्या जुन्या विद्यार्थ्याच्या कपाटातली तीन पुस्तकं डोळ्यांसमोर आणा. पहिलं राजारामन यांचं प्रोग्रामिंगचं. दुसरं यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. तिसरं अच्युत गोडबोल्यांचं ‘ऑपरेटिंग सिस्टीम्स’. हजारो मुलं या पुस्तकांवर परीक्षा पास झाली. आता लेखकांच्या डिग्र्या बघा. व्ही. राजारामन इलेक्ट्रिकलचे. कानेटकर मुंबईच्या व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनिअर झालेले. गोडबोले १९७२ साली आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअर झाले, मग शहाद्याच्या आदिवासी चळवळीत गेले, तुरुंगातही जाऊन आले, आणि त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला ज्यांची पुस्तकं वाचायची, त्यांच्यातल्या एकाचीही पहिली डिग्री कॉम्प्युटरची नाही. आज नोकरीच्या अर्जात ‘फक्त सीएस किंवा आयटी’ असा रकाना असतो. त्या रकान्यात हे तिघंही बसले नसते.

यावर लगेच कुणी म्हणेल, बघा, डिग्रीला काही अर्थ नसतो! थांबा. तसं नाही. तेव्हा ती डिग्री नव्हतीच, हे साधं कारण आहे. जगातसुद्धा हे सगळं नवं होतं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला तो १९६२ मध्ये. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द रूढ झाला तो जर्मनीत गार्मिश इथे १९६८ मध्ये झालेल्या परिषदेनंतर. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये एम.टेक.च्या पातळीवर शिकवणं १९६०च्या दशकात सुरू झालं असलं, तरी बी.टेक. कॉम्प्युटर सायन्स यायला १९७०च्या दशकाची अखेर उजाडली. त्याआधी या धंद्यात जो कोणी आला, तो दुसरीकडूनच आलेला होता. ‘फील्ड बदलणं’ ही तेव्हा आत यायची एकमेव वाट होती.

आपल्याकडची पहिली मोठी गोष्ट मुंबईतली आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५५च्या सुमारास एक गट संगणक बांधायला बसला. १९५६ मध्ये छोटं चाचणी-यंत्र चाललं आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ‘टीआयएफआरएसी’ ठेवलं. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. गुणाकार करून बघा, साधारण १० किलोबाइट होतात. बाबा रोज सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलाचा जो फोटो पाठवतात, तो यापेक्षा मोठा असतो.

मला यंत्रापेक्षा माणसं महत्त्वाची वाटतात. त्या गटातली बहुतेक मंडळी फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली तरुण पोरं होती, आणि संगणक बांधायच्या आधी त्यांच्यापैकी बहुतेकांनी संगणक वापरलेलाही नव्हता. परदेशातून आलेले अहवाल वाचायचे, सर्किट जोडायचं, चुकलं की तोडायचं. आज आपण ‘सेल्फ-टॉट’ म्हणतो त्याहून वेगळं काय होतं हे? (फिजिक्सवाल्यांचा उल्लेख आला की माझी मान थोडी ताठ होते, तेवढं माफ करा.)

१९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं आणि बाहेरच्या लोकांनाही वापरायला मिळू लागलं. या काळात प्रोग्रामिंग शिकणं म्हणजे काय होतं, ते जरा सविस्तर सांगते, कारण हे माहीत नसेल तर पुढचं काहीच कळत नाही.

प्रोग्राम कागदावर लिहायचा. मग तो पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा, एका ओळीला एक कार्ड. एका कार्डावर ८० रकाने. फोरट्रान भाषेत पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा मागची ओळ पुढे चालू आहे हे सांगण्यासाठी, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत खरा मजकूर. उरलेल्या आठ रकान्यांकडे यंत्र बघायचंच नाही. तिथे लोक कार्डाचा अनुक्रमांक टाकायचे. का? तर गठ्ठा हातातून पडला तर कार्डं पुन्हा नीट लावता यावीत म्हणून. एवढं करून गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकाल कधी मिळेल त्याची वाट बघायची, बऱ्याचदा दुसऱ्या दिवसापर्यंत. स्वल्पविराम चुकला असेल तर यंत्र तेवढंच सांगणार, आणि तुमचा तो दिवस गेला.

म्हणून त्या पिढीला एक सवय लागली: कार्ड द्यायच्या आधी प्रोग्राम स्वतःच चालवून बघायचा, कागदावर. चलांची नावं लिहायची, त्यांच्याखाली किमती लिहीत जायच्या, एक एक ओळ पुढे सरकायचं. म्हणजे यंत्र मिळेपर्यंत आपणच यंत्र व्हायचं. मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो हसला होता. नंतर एकदा रात्री वीज गेलेली असताना तो मेणबत्तीच्या उजेडात वहीवर नेमकं तेच करताना मला दिसला. मी काही बोलले नाही.

तर मुद्दा असा की दुर्मीळ होतं ते यंत्र. शिकवणारा नसला तरी चालायचं, पण यंत्राचा वेळ नसला तर काहीच नाही. आणि यंत्र होतं कुणाकडे? सरकारी संस्थांकडे, आयआयट्यांकडे, टाटांसारख्या मोठ्या उद्योगांकडे. म्हणजे प्रोग्रामिंग शिकायची जागा नोकरीच्या आत होती.

एफ. सी. कोहली यांचं उदाहरण घ्या. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, टाटांच्या वीज कंपनीत. शहराला वीज पुरवायची म्हणजे कुठल्या केंद्रातून किती वीज सोडायची आणि ती कुठल्या तारेवरून किती वाहील, याचं गणित सतत करावं लागतं. जाळ्यातला प्रत्येक जोड म्हणजे एक-दोन समीकरणं, आणि ती सगळी एकमेकांत गुंतलेली. एक आकडा हलला की सगळे हलतात. हातानं हे करता करता माणूस थकतो, म्हणून वीज-इंजिनिअर संगणकाकडे फार लवकर गेले. कोहलींनी १९६०च्या दशकात वीजजाळ्याच्या नियंत्रणासाठी संगणक आणला. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ते तिकडे गेले. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली तेव्हाही तसंच: नारायण मूर्ती, राघवन, नीलेकणी इलेक्ट्रिकलचे, गोपालकृष्णन आणि शिबुलाल मुळात फिजिक्सचे, दिनेश गणिताचे.

आमच्या वऱ्हाडातलं नावही इथेच घेते. विजय भटकर अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजमधून १९६५ मध्ये इंजिनिअर, मग बडोदा, मग १९७२ मध्ये आयआयटी दिल्लीची पीएच.डी. बरीच वर्षं केरळात इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधनात काढली. अमेरिकेने क्रे जातीचा महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्या यंत्रात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप एकमेकींना जोडून एकच काम वाटून द्यायचं होतं. असं काम वाटून द्यायचं प्रोग्रामिंग तिथल्या तरुण इंजिनिअरांना कुठल्या कॉलेजने शिकवलं असणार? तेही तिथेच, काम करता करता शिकले. महिन्याच्या महिन्याला पगार घेत.

हे ‘पगार घेत’ मी मुद्दाम लिहिलं. माझ्या संशोधनात मला जे सापडलं असं वाटतं, ते याच दोन शब्दांत आहे.

‘स्वतः शिकला’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन गोष्टी एकात मिसळतो. एक, त्याला कुणी शिकवलं नाही. दोन, शिकण्याचा खर्च त्याने स्वतः केला. पहिल्या पिढीच्या बाबतीत पहिली गोष्ट खरी, दुसरी नाही. त्यांना शिक्षक नव्हता, पण यंत्र संस्थेचं होतं, वीज संस्थेची होती, आणि चुकत चुकत घालवलेले महिने संस्थेच्या खात्यावर पडत होते. त्यांच्या हुशारीला मी कमी लेखत नाही. पण आजच्या मुलाला त्यांचं उदाहरण देताना खर्चाची ही बाजू कुणी सांगत नाही, आणि मला त्याचा राग येतो.

हा खर्च संस्थेच्या खात्यावरून घराच्या खात्यावर कधी आला? एका दिवसात नाही आला. पण १९८०चं दशक बघा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. आमच्या भागात बडनेरा आणि शेगावची कॉलेजं त्याच वर्षीची. इंजिनिअर वाढायला लागले. १९८४च्या नोव्हेंबरमध्ये नवं संगणक धोरण आलं, आयातीची बंधनं सैल झाली, पीसी हळूहळू आवाक्यात यायला लागला. एनआयआयटी १९८१ची, ॲपटेक १९८६ची. एमसीएसारखा अभ्यासक्रम आला, ज्यात दुसऱ्या विषयाचा पदवीधरही जाऊ शकत होता. आता यंत्र संस्थेच्या आत राहिलं नाही, बाजारात आलं. पण बाजारात आलं म्हणजे पैसे देऊन बसायचं.

आणि इथे कानेटकर येतात. मेकॅनिकलची डिग्री, मग आयआयटी कानपूरमधून एम.टेक., आणि नंतर नागपूर. आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. दिल्लीच्या बीपीबीने छापलेलं त्यांचं ‘लेट अस सी’ १९९०च्या दशकात इतकं पसरलं की कॉलेजच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानातही ते दिसायचं. नावच कोटी आहे: चला सी शिकू, आणि चला बघू.

या पुस्तकाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. सी भाषेचं मूळ पुस्तक कर्निहन आणि रिची यांचं, १९७८ मधलं. (डेनिस रिची हार्वर्डला फिजिक्स शिकलेले. असो, पुन्हा मान ताठ करत नाही.) ते पुस्तक आटोपशीर आहे, पण प्रोग्रामिंग थोडंफार येणाऱ्यासाठी आहे. त्यातला पहिला प्रोग्राम पडद्यावर जगाला नमस्कार करतो. कानेटकरांच्या पुस्तकातला पहिला प्रोग्राम काय करतो, माहीत आहे? सरळव्याज काढतो. मुद्दल, मुदत, दर. गुणा आणि शंभरने भागा.

मला हे फार मोठं वाटतं. जगाला नमस्कार करणारा प्रोग्राम चालला तरी काय झालं ते नवख्याला कळत नाही. अक्षरं टाइप केली, अक्षरं दिसली. सरळव्याज मात्र प्रत्येक मराठी शाळेतल्या पोराने पाटीवर केलेलं असतं. त्याला उत्तर आधीच माहीत असतं. म्हणून यंत्राने उत्तर दिलं की पडताळता येतं, आणि चुकीचं दिलं तर चूक कळते. शिक्षक शेजारी नसताना शिकणाऱ्याला याचीच गरज असते: आपलं बरोबर आलं की चूक, हे स्वतःला कळण्याची. स्वतः चाचपडत एका क्षेत्रातून दुसऱ्यात आलेल्या माणसालाच हे सुचणार, असं आपलं माझं मत. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही.

संशोधनासाठी मी वापरलेल्या प्रोग्रामिंगच्या पुस्तकांच्या जुन्या प्रती गोळा करते. रद्दीतून, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून, नातेवाइकांच्या माळ्यावरून. पानांच्या कडेला काय लिहिलंय ते वाचते. हा काही मोठा नमुना-अभ्यास नव्हे, पण माझ्या संग्रहातल्या ‘लेट अस सी’च्या प्रतींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: पेन्सिलच्या खुणा सुरुवातीला दाट, लूपपर्यंत उत्साही, आणि पॉइंटर सुरू झाले की विरळ. पॉइंटर म्हणजे ज्या चलात किंमत नसते, दुसऱ्या किमतीचा पत्ता असतो. कागदावर ते समजतं, पण यंत्रावर चुकून-चुकूनच पक्कं होतं. तासाला पैसे मोजून यंत्रावर बसणारा पोरगा किती चुका परवडवून घेणार? एका प्रतीत त्या पानावर फक्त क्लासची वेळ आणि ‘फी बाकी’ असं लिहिलंय. नाव खोडलेलं आहे. मी त्या दोन शब्दांवर अख्खा एक परिच्छेद लिहिला होता. माझ्या गाइडनी तो काढायला लावला, आणि त्यांचं बरोबरच होतं.

मधल्या काळाबद्दल फार लिहीत नाही. २००० साल येताना जुने प्रोग्राम दुरुस्त करायला माणसं हवी होती, मग मंदी आली, मग पुन्हा भरती. २००१ मध्ये एमकेसीएल आणि एमएस-सीआयटी आलं आणि वरूडसारख्या गावात घरोघरी माऊसची ओळख झाली. मोठ्या कंपन्या कॅम्पसवर येऊन कुठल्याही शाखेची मुलं उचलायच्या आणि काही महिने पगार देऊन शिकवायच्या. इन्फोसिसचं म्हैसूरचं केंद्र तर त्यासाठीच प्रसिद्ध. म्हणजे काही वर्षं खर्च पुन्हा कंपनीच्या खात्यावर गेला होता. पण त्यासाठी कंपनीने तुमच्या कॉलेजात यायला हवं. दादाच्या वर्षी त्याच्या कॉलेजात तशी कंपनी आली नाही.

आता परत २०२०.

दादाकडे कॉलेजच्या पहिल्या वर्षी घेतलेली ‘लेट अस सी’ची जुनी प्रत होती, जवळजवळ कोरी. त्याच्या अभ्यासक्रमात प्रोग्रामिंग नावापुरतं होतं. लॅबमध्ये टर्बो सीचा तो निळा पडदा, आल्ट-एफ-नाइन दाबा, कंट्रोल-एफ-नाइन दाबा, सरांची सही घ्या. टर्बो सी हे १९८७ सालचं सॉफ्टवेअर, आणि आपल्याकडच्या अनेक लॅबमध्ये ते तीस वर्षं नांदलं. दादाने आता नव्या लॅपटॉपवर नवा कंपायलर घेतला, जुन्या पुस्तकातला प्रोग्राम हुबेहूब उतरवला, आणि चालेना. पडदा पुसण्याची जी आज्ञा लॅबमध्ये पाठ केली होती, ती सी भाषेची नव्हतीच. टर्बो सीने स्वतःची जोडलेली होती. हे कळायला त्याला अख्खा दिवस लागला. पंच-कार्डवाल्यांचाही एका चुकीला एक दिवस जायचा, हे मी त्याला तेव्हा सांगायला नको होतं.

‘लॅपटॉप’ म्हणाले, पण तो आला कुठून? आंबिया बहाराची फळं अजून हिरवी होती. फळगळ सुरू झाली तर हातात काहीच येणार नाही या भीतीने बाबांनी बगीचा व्यापाऱ्याला झाडावरच उक्ता देऊन टाकला. पिकेपर्यंत थांबलो असतो तर भाव जास्त मिळाला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या पैशातून सोसायटीचा हप्ता गेला आणि उरलेल्यातून एक जुना लॅपटॉप आला. पुढचे चौदा महिने दादाचं जेवण, वीज, मोबाइलचा डेटा आणि आईचं लोकांना उत्तरं देणं, हे सगळं घराच्या खात्यावर. दादाने कष्ट केले, खूप केले. पण तो ‘एकटा’ शिकला असं मला लिहिता येत नाही.

आणखी एक सांगते, जरा बाजूला जाऊन. हेच चौदा महिने मी मागितले असते तर? दादाच्या बाबतीत लोक विचारायचे, नोकरी कधी. माझ्या बाबतीत विचारलं असतं, लग्न कधी. माझी अभ्यासाची वर्षं चालून गेली, कारण त्यांना फेलोशिप असं नाव आहे आणि महिन्याला पैसे येतात. घरी बसून स्वतः शिकणाऱ्या मुली माझ्या कागदपत्रांत इतक्या कमी का सापडतात, याचं अर्धं उत्तर इथेच असावं.

दादाला बाबांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र एका मुलाखतीत सापडलं. समोरच्या बाईंनी विचारलं, मेकॅनिकल का सोडलं? दादा पाठ केलेलं काहीतरी बोलणार होता, त्याऐवजी तो सीएनसीबद्दल बोलायला लागला. सीएनसी मशीनला जी-कोड लागतो. जी-शून्य म्हटलं की हत्यार झपकन जागेवर जातं, जी-एक म्हटलं की सरळ रेषेत कापत जातं, शेवटी एम-तीस म्हटलं की प्रोग्राम संपतो. आकड्यांच्या आज्ञांवर चालणारं असं यंत्र एमआयटीत १९५२ मध्ये दाखवलं गेलं, म्हणजे आपल्या मुंबईच्या संगणकाच्याही आधी. दादा चार वर्षं रोज प्रोग्राम लिहीत होता आणि त्याला कुणी प्रोग्रामर म्हटलं नव्हतं. त्याने स्वतःही नाही. एक आज्ञा चुकली तर तिथे पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत, हत्यार मोडतं आणि पगारातून कापलं जातं. म्हणून चालवायच्या आधी दहा वेळा तपासायची सवय. त्या बाईंनी त्याला टेस्टिंगच्या कामावर घेतलं.

कोहलींनी विजेचं गणित संगणकाकडे नेलं, तसं जुन्या लोकांनी आपापला प्रश्न सोबत नेला होता. आताच्या मुलांना आपण सांगतो, जुनं सगळं विसरा आणि शून्यापासून सुरू करा. दादाने जवळजवळ विसरलंच होतं.

पुण्यातली कंपनी लहान आहे. पहिला पगार कारखान्यापेक्षा कमी होता, आणि पुण्यातलं खोलीभाडं जास्त. अजून त्याची वर्षं पुरती भरून निघाली असं मी म्हणणार नाही. बाबा तर तसं मुळीच म्हणत नाहीत.

मागच्या दिवाळीत मी त्याच्याकडे ती ‘लेट अस सी’ची प्रत मागितली, संग्रहासाठी. त्याने दिली नाही, पण चाळू दिली. सुरुवातीच्याच पानांवर, सरळव्याजाच्या प्रोग्रामच्या कडेला, पेन्सिलीने आकडे आहेत: आमच्या सोसायटीच्या कर्जाचं मुद्दल, दर, आणि मुदत आठ महिने. मला तो दिवस आठवला. दादाचा प्रोग्राम पहिल्यांदा चालला होता, म्हणून त्याने बाबांना हाक मारून लॅपटॉपसमोर बसवलं आणि त्यांच्याच कर्जाचं व्याज काढून दाखवलं. उत्तर आलं शून्य.

पुस्तकात मुदत पूर्ण वर्षांत आहे, म्हणून ती पूर्णांक धरलेली. आठ महिने म्हणजे वर्षाचे दोन तृतीयांश. पूर्णांकाच्या डब्यात टाकले की अपूर्णांक गळून पडतो आणि उरतं शून्य. यंत्राने कुठलीही तक्रार केली नव्हती.

बाबांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बाप्पा! हाच पोग्राम सोसायटीत लावून दे ना.” मग त्यांनी खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला खरं व्याज करून दाखवलं, आणि दादा पुढचे दोन तास चूक शोधत बसला.

पानाच्या तळाशी दादाच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘मुदत दशांशात घ्यायची. चूक बाबांनी काढली.’ खाली तारीख.